तपासणीपूर्वीची सफाई

तपासणी खात्याकडे जॉब, म्हणजे घडवलेला भाग, पाठवायचा तर आधी त्याची बर, म्हणजे कडेला राहिलेला धातूचा कंगोरा, काढायची, कडांवरून हलकी कानस मारायची, तेलाचा फडका फिरवायचा आणि मगच तो ट्रेमध्ये ठेवायचा. औरंगाबादच्या सरकारी तांत्रिक विद्यालयात ज्ञानदेव खिल्लारे यांना हा धडा पहिल्याच वर्षी मिळाला, आणि चिकलठाण्याच्या कारखान्यातील टूलरूममध्ये त्यांनी तो निवृत्त होईपर्यंत पाळला. माप बरोबर असूनही केवळ मळकट आहे म्हणून त्यांचा जॉब कधी परत आला नाही.

याला आणखी एक कारण होते, ते मात्र ते कोणाला सांगत नसत. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात टूलरूममध्ये पाण्याच्या माठाजवळ त्यांचा पेला वेगळा ठेवलेला असे. त्याविषयी कोणी काही बोलत नसे. पेला मात्र वेगळाच असे. ज्ञानदेवांनी भांडण केले नाही. ते कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून कामावर येऊ लागले. आपल्याकडे बघणारा माणूस आधी मळ शोधतो, तेव्हा तो त्याला सापडूच द्यायचा नाही, हा त्यांनी मनाशी केलेला निश्चय होता. घरीही तोच शिरस्ता. मुलगी उपासना शाळेला निघाली की ते दारात आडवे उभे राहत. "नखं दाखव. कान. आता ई कर." ती ई करी. मान हलवून ते बाजूला होत, तेव्हा कुठे तिला वाट मिळे.

ती उपासना आता अमेरिकेत जर्सी सिटीत राहत होती आणि दंत-आरोग्याच्या पदवीच्या शेवटच्या सत्रात होती. दात उपटणे, भरणे हे दंतवैद्याचे काम. दात आणि हिरड्या निरोगी ठेवणे, त्यांवर साठलेले कीटण खरवडून काढणे, हे तिचे. २००६ सालच्या मार्चमध्ये ज्ञानदेव तिच्याकडे आले. पत्नी गिरजाबाई वारल्यानंतर घरात त्यांचे मन रमत नव्हते, आणि उपासनाचा पदवीदान समारंभ मे महिन्यात होता. परंतु तिने त्यांना दोन महिने आधीच बोलावून घेतले, त्यामागे आणखी एक कारण होते.

पदवी मिळाली तरी राज्याचा परवाना मिळाल्याशिवाय तिला काम करता येणार नव्हते. त्यासाठी वेगळी परीक्षा होती, आणि तिचा नियम असा की तपासण्यासाठी पेशंट विद्यार्थ्याने स्वतःच आणायचा. मार्चअखेरीस उपासनाने बाबांना कॉलेजच्या दवाखान्यात नेले, खुर्चीत झोपवले, सगळ्या दातांच्या कडेने बारीक सळई फिरवून पाहिली आणि आपल्या प्राध्यापिकेला बोलावले. प्राध्यापिकेनेही पाहिले. दोघी इंग्रजीत भराभर बोलल्या. प्राध्यापिकेचा चेहरा उजळला.

"बाबा, तुमची निवड झाली," उपासना म्हणाली. "मेपर्यंत नेहमीचं मंजनच लावा हं बोटानं. ब्रश नको. दुसऱ्या डेंटिस्टकडे जायचं नाही."

"का, पास झाले का माझे दात?"

"एकदम फर्स्ट क्लास." ती हसली आणि हातमोजे काढू लागली.

बत्तीसपैकी एकही दात पडलेला नाही, एकालाही कीड नाही, म्हणूनच आपली निवड झाली असे ज्ञानदेव धरून चालले, आणि ते मनातून सुखावले. पुढचे दीड महिने ते या परीक्षेचा एक भागच झाले. उपासना संध्याकाळी प्लास्टिकच्या जबड्यावर हात बसवत असे. तिची हत्यारे बोथट झाली की ज्ञानदेव खिडकीजवळ बसून ऑइलस्टोनवर त्यांना धार लावत. कीटण खरवडायच्या कोणत्या स्केलरचे पाते किती अंशांत वळलेले आहे, दाताला ते कसे टेकवायचे, कुठून कुठे ओढायचे, हे ते तिच्या हाताकडे पाहत शिकले. झिजून टाकून दिलेला एक स्केलर त्यांनी आपल्या चष्म्याच्या डबीत ठेवून दिला होता. चांगल्या पोलादाची वस्तू फेकायची त्यांना सवय नव्हती.

उपासनाची सहनिवासी नीलांबरी मॅनहॅटनमध्ये कॉम्प्युटरवर काम करी. ती त्यांना चिडवायची. "काका, तुम्ही तर व्हीआयपी झालात. उपा मला कधी कॉफी पाजत नाही, आणि तुमच्या दातांना रोज विचारते, कसे आहात!"

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी नीलांबरीने बाहेरून जेवण मागवले. जवळच्या एडिसन गावातल्या एका दातांच्या डॉक्टरने उपासनाला नोकरी देऊ केली होती. परवाना हातात आला की जुलैत रुजू व्हायचे होते. तिच्या व्हिसाचा सारा हिशेब त्या नोकरीवर उभा होता. ती मिळाली नाही तर हिवाळ्यापर्यंत देश सोडावा लागणार होता. म्हणून त्या संध्याकाळच्या हसण्याखाली थोडी धाकधूकही होती.

"फोटो काढते. यार, सगळे फ्रेममध्ये येत नाही आहात." नीलांबरी नवा डिजिटल कॅमेरा घेऊन खुर्चीवर चढली. "काका, उद्या तुम्ही किती वेळ तोंड उघडं ठेवणार, जरा डेमो द्या!"

ज्ञानदेव मनमोकळे हसले. फ्लॅश पडला. मग तिने त्यांना कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो दाखवला, बटण दाबून त्यांचा चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला. "बघा, किती क्यूट!"

वरून घेतलेल्या त्या फोटोत खालच्या दातांची आतली बाजू दिसत होती. तिथे दात दिसतच नव्हते. पिवळट तपकिरी, खडबडीत, एकसंध असा एक थर होता, जुन्या पाइपात क्षार बसावा तसा. बोटाने मंजन लावणाऱ्याचे बोट आतपर्यंत पोचत नाही. जिभेला ती भिंत इतक्या वर्षांची ओळखीची होती की ती दाताचाच भाग आहे, असे त्यांना वाटत आले होते.

"छान आहे," ते म्हणाले, आणि त्यानंतर जेवणभर ओठ मिटून हसले.

पहाटे मुली उठण्यापूर्वी ते न्हाणीघरात गेले. चष्म्याच्या डबीतला स्केलर काढला, उकळत्या पाण्यात बुडवला, उपासनाचा छोटा आरसा तोंडात धरला. आज परके तपासनीस या तोंडात पाहणार होते. पोरीच्या नावाने जॉब तपासणीला जाणार होता. हे असे तोंड कोणाचे, तर तिच्या बापाचे! पहिला तुकडा निघाला तेव्हा तो बेसिनमध्ये खडा पडावा तसा वाजला. मग हात बसला. त्यांनी आतली सगळी रांग खरवडली, दाढांच्या कडेने पाते हिरडीखालीही घातले. रक्त आले, त्यांनी मिठाच्या पाण्याने चुळा भरल्या. शेवटी जीभ फिरवून पाहिली, तर दात गुळगुळीत लागत होते, दातांमध्ये फटी होत्या, आणि तोंड कोणा दुसऱ्याचे वाटत होते. पांढरा सदरा घालून ते तयार होऊन बसले.

परीक्षेच्या दालनात उपासनाने त्यांना खुर्चीत बसवले, गळ्याला निळा कागद बांधला. तिच्या झग्यावर नाव नव्हते, फक्त क्रमांक होता. त्यांचे तोंड ती उघडणार, एवढ्यात एक सहायक बाई आली आणि त्यांना पडद्यामागे घेऊन गेली. परीक्षकांनी आधी पेशंट पाहायचा आणि तेव्हा विद्यार्थ्याने सोबत यायचे नाही, असा तिथला नियम होता.

पडद्यामागे एक वयस्क बाई होत्या. त्यांनी दिवा खाली ओढला, पाहिले, उपासनाने भरून दिलेल्या दातांच्या नकाशाशी ताडून पाहिले, पुन्हा पाहिले. मग त्यांनी दुसऱ्या परीक्षकाला बोलावले. हिरडीवर कापूस टेकवला, तो लाल झाला. त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारले, हे दात नुकतेच कोणी साफ केले आहेत का?

बाईंच्या लक्षात आले, याचे ज्ञानदेवांना केवढे समाधान वाटले!

"येस मॅडम," ते म्हणाले. "आय क्लीन. मायसेल्फ. टुडे मॉर्निंग."

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. आपल्या नोकरीत परत आलेल्या जॉबकडे अशा नजरेने पाहणारा तपासनीस ज्ञानदेवांनी कधी पाहिला नव्हता, म्हणून त्यांना ती ओळखू आली नाही.

उपासनाला पेशंट नामंजूर झाल्याचे कळवण्यात आले. जागेवर दुसरा पेशंट आणण्याची मुभा होती. इतर मुलींनी दोन-दोन माणसे बाहेर बसवून ठेवली होती. तिने कोणालाच आणले नव्हते. तिला बाबा होते.

परतीच्या गाडीची वाट पाहत दोघे फलाटावरच्या बाकावर बसले. ज्ञानदेव म्हणाले, "रक्त आलं म्हणून का गं? जरा जोर जास्त लागला माझा. पण स्वच्छ तर होतं ना?"

"बाबा," ती म्हणाली, "मला ते कीटणच हवं होतं. ते मी काढून दाखवायचं होतं. तेच माझं काम. म्हणूनच तर तुम्हाला निवडलं होतं."

गाडी आली आणि गेली. दोघेही उठले नाहीत.

"मग सांगितलं का नाही मला?"

"कसं सांगणार होते?" उपासना समोरच्या रुळांकडे पाहत होती. "दारात उभं राहून तुम्ही माझे दात बघायचात. तुमच्या तोंडात घाण आहे, हे माझ्या जिभेवरच येईना. चार वेळा ठरवलं. वाटलं, कशाला दुखवायचं? नुसतं मंजनच लावा म्हटलं की भागेल."

ती त्यांच्यावर रागावली नाही, आणि ज्ञानदेवांना तेच सोसवेना. तिने आवाज चढवला असता तर बापाला निदान मान खाली घालायला जागा मिळाली असती.

एडिसनच्या डॉक्टरने जुलैपर्यंत थांबून जागा दुसऱ्या मुलीला दिली. पुढची परीक्षा सप्टेंबरच्या मध्यावर होती, आणि ज्ञानदेवांचा सहा महिन्यांचा मुक्कामही त्याच सुमारास संपत होता. उपासना पेशंट शोधू लागली. नेवार्क ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत जाऊन ती माणसांना विचारी, "काका, जरा तोंड उघडून दाखवता का?" काही हसत, काही ओशाळत. मिठाईच्या दुकानातल्या एका गृहस्थांनी होकार दिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेचा फोन आला: "आमच्याकडे इन्शुरन्स आहे हो, आम्ही चांगल्या ठिकाणी दाखवू शकतो." फोन ठेवून उपासना पोळ्या लाटायला गेली.

परीक्षेनंतर तिने बाबांना नवा ब्रश आणि पेस्ट आणून दिली होती. हिरड्या भरून आल्या. पण जूनपासून ज्ञानदेवांमध्ये एक बदल झाला. ते जेवायला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसू लागले. बोलताना मान वळवत. खिशातला घडीचा रुमाल सतत त्यांच्या हातात असे. नीलांबरीने त्यांना नदीकाठी फिरायला बोलावले, तर ते तिच्यापासून चार पावले मागे राहून चालत.

"काका, सर्दी झालीय का तुम्हाला? सारखा रुमाल तोंडावर."

"इथली हवा," ते रुमालाआडून म्हणाले.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी उपासना न्हाणीघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात त्यांचा ब्रश होता. त्याचे केस कोरे होते, दुकानातून आणले तसे ताठ.

"बाबा, हा कधीपासून वापरला नाही?"

ज्ञानदेवांनी रुमाल तोंडावर धरला.

"ई करा."

त्यांनी रुमाल खाली घेतला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कोणाला आपल्या अंगावर मळ सापडू दिला नव्हता, त्याने मुलीसमोर तोंड उघडले. वास आला, तिने चेहरा हलू दिला नाही. बॅटरीच्या उजेडात तिने आरसा फिरवला. खालच्या दातांच्या आतल्या बाजूला, हिरडीच्या कडेने, पिवळी रेघ पुन्हा धरू लागली होती.

"धरतंय ना?" त्यांनी घाईने विचारले. "खालच्या बाजूला जास्त आहे. मी गोडही खातो रोज. सप्टेंबरपर्यंत पुरेसं होईल का?"

ती खोटे बोलू शकली असती. मागे एकदा तिने सत्य झाकून पाहिले होते.

"होईल कदाचित," ती म्हणाली. "तुमचं तोंडच तसं आहे, लवकर धरतं."

"मग झालं तर! उरलेले दिवस मी कोणाशी बोलत नाही. इथं मला ओळखतंय कोण?"

उपासनाने नळ सोडला. ब्रश ओला केला, त्यावर पेस्ट घातली आणि तो त्यांच्यापुढे धरला.

"पोरी, वेडी आहेस का? पेशंट कुठून आणणार आहेस तू?"

"नाही मिळाला तर नाही मिळाला."

"आणि मग?"

"मग येईन औरंगाबादला. घ्या."

त्यांनी हात मागे घेतला. ती तशीच उभी राहिली, हात पुढे धरून, दारात आडवी. पाणी वाहत राहिले. त्यांच्या घरात आजवर या दोघांपैकी एकाचाच शब्द चालत आला होता. आज तो दुसऱ्याचा चालला. ज्ञानदेवांनी ब्रश घेतला.

"आतल्या बाजूनं," ती म्हणाली. "बोट पोचत नाही तिथं. हळू. अजून."

ते घासत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि ते फेसात मिसळत होते, पण हात थांबला नाही, कारण ती पाहत होती. बेसिनमधून पिवळसर फेस वाहून गेला. त्यांनी चूळ भरली, रुमालाने तोंड टिपले, तो घडी घालून खिशात ठेवला आणि तिच्याकडे वळून, न सांगता, ई केले.

उपासनाने पाहिले. मग ती दारातून बाजूला झाली आणि तिने त्यांना वाट दिली.