विमानाच्या तोंडावरचा वारा

मित्रांनो, मी एक जुनी वाऱ्याची पिशवी आहे. विमानतळावर उंच खांबाला लटकणारी, दोन्ही तोंडं उघडी असलेली. आता माझं लोखंडी कडं आणि वीतभर जळकं कापड तेवढं उरलं आहे.

शाहूपुरीतल्या एका शिंप्यानं मला शिवलं आणि कोल्हापूरच्या माळावर चढवलं. गुराखी मला ‘विमानतळाचा पायजमा’ म्हणून हसायचे. पण वैमानिक वरून आधी मलाच बघत. माझं शेपूट जिकडे, तिकडे वारा चालला असं समजून ते उतरत. मी वाऱ्यात ताठ झाले की माझं कौतुक होई, आणि मीही फुगून जाई.

एकाहत्तर सालच्या पौषात एका संध्याकाळी रुद्रय्या मास्तर सायकल टाकून धावत आले. त्यांच्या धाकट्या चन्नम्माला घटसर्प झाला होता. पोरीचा श्वास कोंडत होता. औषध गावात कुठंच नव्हतं. एका कारखान्याचं छोटं विमान साडेचारला मुंबईहून ते घेऊन निघालं होतं. आमच्या धावपट्टीवर दिवे नव्हते. अंधार पडला तर विमान माघारी जाणार होतं.

मास्तरांनी खडूनं चौकीच्या भिंतीवर गणित मांडलं. “पिराजी, अंतर तीनशे किलोमीटर, वेग ताशी दोनशे. दीड तास. सहाला इथं पायजे!”

“मग उजेडात येतंय की, मास्तर,” चौकीदार पिराजी म्हणाला.

तेवढ्यात मास्तरांनी वर पाहिलं. माझं शेपूट ताठ मुंबईकडे होतं.

“अरं देवा! वारा विमानाच्या तोंडावर हाय. दोनशेतलं चाळीस त्यानंच खाल्लं तर एकशेसाठ ऱ्हायलं. जवळजवळ दोन तास! तवर अंधार पडतोय रं!”

मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मला फुगावंसं वाटेना. पण माझ्या लोंबण्यानं वारा थोडाच थांबणार होता?

सहा वाजले. आभाळ रिकामंच. सूर्य बुडाला. मग घरघर आली. विमान माळावर घिरट्या घालू लागलं. पिराजीनं कंदील हलवला, पण त्या एवढ्याशा ज्योतीनं काय होणार! विमान उत्तरेकडे वळू लागलं.

“नगं रं, जाऊ नगं!” मास्तर विमानाखाली धावत सुटले.

पिराजीनं दोर सोडून मला खाली घेतलं, कंदिलातलं रॉकेल माझ्यावर ओतलं आणि काडी लावून मला पुन्हा वर चढवलं. आगीचा फार त्रास झाला. तरीही मी जळता जळता वारा दाखवत राहिले.

माझ्या ज्वाळेच्या उजेडात वैमानिकाला धावपट्टीचं टोक आणि वारा दोन्ही दिसले, तसं विमान वळलं आणि उतरलं. मास्तर छातीशी औषधाची डबी धरून कारखान्याच्या गाडीतून गेले, ते मागे वळून न बघता.

सकाळी नवी पिशवी चढली आणि मला अडगळीच्या खोलीत टाकून दार लावलं. त्या दाराआड कुणी काही सांगायला आलं नाही. मित्रांनो, माझी डागडुजी करू नका, मला पुसूही नका. तुमच्यापैकी कुणाला रुद्रय्या मास्तरांचं घर ठाऊक असेल, तर एवढंच विचारून या, चन्नम्मा वाचली का?