साडूचे पैसे आधी

चष्मेवाल्याने दुसरं दुकान टाकलं, कारण त्याच्या साडूने दुसरं दुकान टाकलं होतं. बँकेला, बायकोला आणि सासऱ्यांना त्याने वेगवेगळी कारणं सांगितली. बँकेला म्हणाला, गिऱ्हाईक वाढलंय. बायकोला म्हणाला, आता जागा पुरत नाही. सासऱ्यांनी विचारलंच नव्हतं, तरी त्यांनाही काहीबाही सांगितलं. खरं कारण मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही.

साडू म्हणजे त्याच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. फरशा, बेसिन, नळ, शॉवर असलं सामान विकायचा. दांडगा गडी, आवाज मोठा, हसला की शेजारच्या खोलीतली माणसं उगाचच हसू लागायची. सासरी तो आला की खुर्च्या सरकायच्या, पंखा त्याच्याकडे वळवला जायचा. घर रंगवायचं असो की कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, सासरे आधी थोरल्या जावयाला विचारायचे. धाकट्याला एवढंच विचारायचे, "हल्ली डाव्या डोळ्यातून पाणी येतं, काय करू?"

चष्मेवाला ते सगळं गिळत आला होता. साडूने गाडी बदलली की दोन दिवस त्याला जेवण गोड लागत नसे. साडूच्या पाठीत उसण भरली तेव्हा त्याने फोनवर फार काळजीने चौकशी केली, आणि फोन ठेवल्यावर चहात मुद्दाम एक चमचा साखर जास्त घातली.

तर दुसरं दुकान निघालं. मोठा रस्ता, काचेचा दर्शनी भाग, आत पांढरे दिवे. अनामत रकमेला थोडे पैसे कमी पडत होते. ही गोष्ट बायकोच्या तोंडून तिच्या माहेरी गेली, आणि पुढच्याच रविवारी साडूने सगळ्यांच्या देखत पैशांचं पाकीट काढून त्याच्या हातात ठेवलं. वर खांद्यावर हात टाकून म्हणाला, "असू दे हो. आपल्या घरातलाच माणूस आहे."

सासूबाईंच्या डोळ्यांत कौतुकाने पाणी आलं. चष्मेवाल्याच्याही आलं, पण ते वेगळं होतं.

दुकान चाललं नाही. वर्ष सरायच्या आत समोरच एका बड्या कंपनीचं दुकान उघडलं. तिथे डोळे फुकट तपासत, एका चष्म्यावर दुसरा चष्मा देत. याच्या दुकानात लोक पत्ता विचारायला येऊ लागले. हप्ते थकले. मग एका कार्डावर पैसे उचलून दुसऱ्या कार्डाचं बिल भरणं सुरू झालं. फ्रेम पुरवणाऱ्याने उधारी बंद केली. पहिल्या, जुन्या दुकानाची कमाई या नव्या दुकानाच्या भाड्यात जाऊ लागली, आणि बघता बघता दोन्ही दुकानं खड्ड्यात गेली.

शेवटी बायकोनेच चौकशी करून एका वकीलबाईंचं नाव काढलं. दिवाळखोरीची कामं त्या करत.

वकीलबाईंचं ऑफिस औषधाच्या दुकानाच्या माडीवर होतं. जिन्यातच कफ सिरपचा वास यायचा. बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्या चष्म्याची एक काडी वाकडी आहे, हे चष्मेवाल्याने आत येताक्षणी पाहिलं.

"आधी एक सांगते," बाई म्हणाल्या, "दिवाळं निघणं हा गुन्हा नाही. लपवणं हा गुन्हा आहे. तेव्हा माझ्यापासून काही लपवायचं नाही. अर्ज गेला की कोर्ट एक अधिकारी नेमतं. तो मागचं सगळं उकरून बघतो. कुणाला काय दिलंत, काय विकलंत, कुणाच्या नावावर काय केलंत."

"माझ्या नावावर काही करायचं का?" बायकोने विचारलं.

"अजिबात नाही. सगळे हेच करायला जातात आणि फसतात. आजपासून काही विकायचं नाही, कुणाच्या नावावर करायचं नाही, नवीन उधार घ्यायचं नाही. ती कार्डं इथेच कापा." त्यांनी टेबलावरची कात्री पुढे सरकवली. "आणि सगळ्यात महत्त्वाचं. एकाचं फेडायचं आणि दुसऱ्याचं ठेवायचं, असं करायचं नाही. सगळे घेणेकरी एका रांगेत. भाऊ असो, मित्र असो, रांग मोडायची नाही."

"माझं काय उरेल?"

"पोटापाण्याची हत्यारं राहतात. घरातलं रोजचं सामान राहतं. बँकेने ज्यावर बोजा चढवलाय ते जाईल. पुढची काही वर्षं कुणी कर्ज देणार नाही, आणि खरं सांगायचं तर ते बरंच आहे. कुणी तुम्हाला जामीन राहिलंय का? कारण तुम्ही सुटलात तरी जामीनदार सुटत नाही."

"नाही."

"नातेवाइकांचं काही देणं?"

चष्मेवाला म्हणाला, "नाही."

शेजारी बसलेल्या बायकोने मान डोलावली. साडूचे पैसे केव्हाच परत केले, असं त्याने तिला सांगून ठेवलं होतं.

तिथून बाहेर पडल्यापासून त्याला एकच दिसत होतं. प्रत्येक घेणेकऱ्याला कोर्टाचं पत्र जाणार. म्हणजे अधिकाऱ्याने उकरलं की साडूच्याही हातात पत्र पडणार. साडू ते वाचणार, मग मोठ्याने सुस्कारा टाकणार, मग सासऱ्यांना फोन करणार, "बाबा, तुम्ही काळजी करू नका, मी आहे." ते 'मी आहे' त्याच्या कानात आधीच वाजू लागलं. कार्डं कापली, दुकानं जातील, लोक बोलतील, हे सगळं तो सोसायला तयार होता. साडूची दया मात्र त्याला सोसवणार नव्हती.

दोन दिवसांनी त्याने कपाटातल्या महागड्या फ्रेम्स दोन पेट्यांत भरल्या आणि पलीकडच्या पेठेतल्या एका चष्मेवाल्याला पडत्या भावात रोखीने विकल्या. तेच पैसे पाकिटात घालून तो तडक साडूच्या शोरूमला गेला.

शोरूममध्ये भिंतभर आरसे लावले होते, प्रत्येकाखाली एक बेसिन. चष्मेवाला आत चालत गेला तसे दहा-बारा चष्मेवाले त्याच्याबरोबर चालत गेले. त्याने वाटेत एक वाक्य घोकून ठेवलं होतं. साडू म्हणेल, "अहो, एवढी काय घाई होती?" मग आपण म्हणायचं, "मला कुणाचं ठेवून झोप लागत नाही."

साडूने पाकीट घेतलं, आत डोकावून पाहिलं आणि खिशात घातलं. "बरं झालं आणलेत," एवढंच म्हणाला.

वाक्य तसंच तोंडात राहिलं. तरी चष्मेवाला ताठ मानेने बाहेर पडला. घरी येऊन भरपेट जेवला. बायकोला वाटलं, वकीलबाईंमुळे धीर आला.

अर्ज दाखल झाला. कोर्टाने नेमलेला अधिकारी शांत माणूस निघाला, सर्दी झालेला. रुमालाने नाक पुसत पुसत त्याने खरेदीची बिलं आणि दुकानातला माल ताडून पाहिला आणि विचारलं, "या फ्रेम्स कुठे आहेत?"

फ्रेम्सवरून पैसे निघाले आणि पैशांवरून साडू. वकीलबाईंनी दोघा नवरा-बायकोला बोलावून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मी काय सांगितलं होतं? रांग मोडायची नाही. अर्जाच्या तोंडावर नातलगाला दिलेला पैसा अधिकारी परत मागतो आणि सगळ्यांत वाटतो. तुमच्या साडूंना आता तो परत करावा लागेल. शिवाय तुम्ही माल लपवून विकलात, म्हणून कर्जातून तुमची सुटका लांबणार. किती, ते कोर्ट ठरवेल. नोटीस जायच्या आत त्यांना स्वतः जाऊन सांगा. तेवढं तरी करा."

जिना बायको पुढे होऊन भराभर उतरली. मग औषधाच्या दुकानासमोरच थांबली.

"ते पैसे फेडलेत म्हणून मला सांगितलं होतंत."

"फेडणार होतो."

"आणि मी त्या बाईंपुढे नंदीबैलासारखी मान हलवली. दुकान गेलं याचं मला काही वाटलं नाही. पण ताईच्या नवऱ्यापुढे मान वर राहावी म्हणून तुम्ही माझ्याशी खोटं बोललात? मी कधी त्यांच्याशी तुमची तुलना केली?"

"केलीस."

"कधी?"

"म्हणाली होतीस. 'भावजींकडे बघा, एकदा मनावर घेतलं की तडीस नेतात.' सासूबाईंच्या स्वयंपाकघरात, ओट्यापाशी उभी राहून."

बायकोने आठवून पाहिलं. बराच वेळ आठवून पाहिलं. मग तिचा चेहरा कसनुसा झाला.

"अहो, त्यांनी तेव्हा वजन कमी केलं होतं. मी तुमच्या पोटाबद्दल बोलत होते."

त्या एका वाक्यावर चष्मेवाल्याने भाड्याने गाळा घेतला होता, पांढरे दिवे लावले होते, चार माणसं नोकरीला ठेवली होती. ती रिक्षात बसून निघून गेली. तो साडूच्या शोरूमकडे चालत निघाला.

भर दुपार होती, तरी शोरूममधले निम्मे दिवे बंद होते. विक्रीला असायची ती माणसं दिसली नाहीत. साडू एकटाच गल्ल्यावर बसला होता. चष्मेवाल्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दिवाळखोरी, फ्रेम्स, अधिकारी, आणि शेवटी ते पैसे परत द्यावे लागतील हेही. बोलताना तो साडूच्या तोंडाकडे बघत होता, दया कधी उगवते त्याची वाट बघत.

साडू उठला. "आत या," म्हणाला.

मागच्या गोदामात खोकी छतापर्यंत रचली होती. साडूने त्यातल्या एकाला बोटाने ढकललं. ते सरकून खाली पडलं, आणि पडताना आवाजही धड झाला नाही. रिकामं होतं. त्याने दुसरं ढकललं. तेही रिकामं.

"तुझे पैसे त्याच दिवशी भाड्यात गेले," साडू म्हणाला. तो कधी अरे-तुरे करत नसे. "माझ्याकडे काही नाही. दोन्ही दुकानं बुडालीत. तुझ्या आधीपासून."

चष्मेवाल्याला आनंद झाला. खोटं कशाला बोलायचं, अगदी पोटातून, उकळी फुटावी तसा आनंद झाला. इतकी वर्षं ज्याच्याकडे मान वर करून बघितलं, त्याची खोकी पोकळ होती! त्याला हसू दाबण्यासाठी खोकल्याचं सोंग करावं लागलं.

साडू एका उलट्या बेसिनवर बसला. "हस. मला चालेल. तू पाकीट आणलंस ना, त्या दिवशी माझा जीव जळला. म्हटलं, हा तरला. समोर एवढं मोठं दुकान उघडलं तरी हा तरला, आणि आपल्याला गंज चढला. आठवडाभर तुझ्या नावाने बोटं मोडली."

"माझ्या?"

"तुझ्या नाही तर कुणाच्या? तुझ्या हातात कसब आहे. उद्या कुणीही तुला काचा घासायला बसवेल. मला काय येतं? मोठ्याने हसता येतं. बायकोला अजून काही माहीत नाही. उद्या फ्लॅट तिच्या नावावर करून टाकतोय, म्हणजे निदान तेवढं तरी वाचेल."

चष्मेवाल्याचं हसू विरलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याच्या मनात आलं, करू दे. फसू दे. आपण फसलो तसा हाही फसू दे.

मग तो समोरच्या खोक्यावर बसायला गेला. ते दबलं आणि तो खाली आपटला. साडूने हात देऊन त्याला उठवलं.

"फ्लॅट कुणाच्या नावावर करू नका," चष्मेवाला पँट झटकत म्हणाला. "ते उलटवतात. कुणाचंही आधी फेडू नका. मी दिलेल्या पैशांचंसुद्धा अधिकाऱ्याला जसं आहे तसं सांगा. आणि आज घरी जाऊन आधी ताईंना सांगा. पत्रातून कळलं तर फार वाईट."

"तुला हे सगळं कुणी सांगितलं?"

वकीलबाईंचं नाव त्याच्या जिभेवर आलं आणि तिथेच अडलं. बाई आपल्या होत्या. त्याही याला द्यायच्या? पण शेवटी दिलं.

पुढे व्हायचं ते झालं. चष्मेवाल्याची दोन्ही दुकानं गेली. काच घासायचं जुनं हातमशीन आणि अवजारांची पेटी त्याच्याकडे राहिली. फ्रेम्सच्या भानगडीपायी त्याची सुटका कोर्टाने लांबवली, आणि त्या काळात त्याच्या पगारातला एक भाग अधिकाऱ्याकडे जात राहिला. पगार म्हणजे समोरच्या त्या बड्या दुकानातला. तिथे त्याला काचा बसवायच्या कामावर घेतलं होतं, आणि काम चांगलं करतो म्हणून मागच्या खोलीत त्याला वेगळा दिवा दिला होता. साडूने अर्ज केला. सासऱ्यांना दोन्ही जावयांनी एकत्र बसून सांगितलं. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले, मग म्हणाले, "पोरींना काही कळू देऊ नका." दोन्ही मुली शेजारीच बसल्या होत्या.

साडूचं प्रकरण चष्मेवाल्याच्या आधी निकालात निघालं. चष्मेवाला एका सहीसाठी वकीलबाईंकडे गेला होता, तेव्हा त्या सहज बोलून गेल्या, "तुमच्या साडूंचं काम म्हणजे आरशासारखं स्वच्छ. काही लपवलं नाही, कुठे रांग मोडली नाही. असा पक्षकार मिळायला नशीब लागतं."

घरी येईपर्यंत त्याचा चेहरा आंबट झाला होता. बायको ताटं मांडत होती. तिने विचारलं, काय झालं? त्याने सांगितलं. दिवाळखोरीतसुद्धा तोच पहिला आला, असं म्हणाला.

तिने हातातलं ताट खाली ठेवलं आणि ती हसत सुटली. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती. तो रागावून गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली कुणीतरी स्कूटर धूत होतं. थोड्या वेळाने ती डोळे पुसत आली आणि कठड्याला टेकून त्याच्या शेजारी उभी राहिली.

"जळायचं तर जळा," ती म्हणाली, "पण आधी मला सांगून जळत जा."

"बरं," तो म्हणाला, आणि दोघं आत जेवायला गेली.