दमयंतीच्या ताटातली मासळी

"पुन्हा विटकरी! बघा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा!" मी परीक्षानळी दमयंतीबाईंच्या नाकासमोर धरली. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. साखर नसली तर ते निळं राहतं, फार असली तर विटेसारखं लाल होतं. आठ महिने त्यांची नळी लालच होत होती. "भात चापताय ना घरी? खरं बोला."

"नाय वो सिस्टर, देवाशपथ. वाटीभरच घेते. पन मग चारच्या टायमाला हातपाय लटलट कापतात. मग टोपात उरला असेल तेवढा भात खाते."

"अहो, पण भात कमी केला की मासळी वाढवायची, हे किती वेळा सांगायचं?"

पनवेलच्या त्या दवाखान्यात मी तेव्हा सोळा वर्षं नर्स होते आणि माझ्या तोंडाला सगळं गाव टरकून होतं. दमयंतीबाई कोळीवाड्यातल्या, बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायच्या. डॉक्टरांनी त्यांना जेवण ठरवून दिलं होतं: दोन्ही वेळा भात एक वाटी, मासळीचे दोन तुकडे, सोबत डाळ किंवा अंडं. तेलाला भ्यायचं नाही, चार चमचे जाऊ द्यायचं, पोट त्यानं धरून राहतं. मी हे त्यांच्याकडून पाढ्यासारखं म्हणून घेतलं होतं.

आतून डॉक्टर म्हणाले, "मासळी विकता आणि स्वतः खात नाही? कमाल आहे!" बाकड्यावरचे पेशंट हसले. मीही हसले. दमयंतीबाईंनी मान खाली घातली.

त्यात शिंगाळा माशाचा काटा त्यांच्या पायाच्या अंगठ्यात घुसला. तीन आठवडे झाले तरी जखम भरेना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, साखर उतरली नाही तर अंगठा जाणार. आणि नेमक्या त्याच आठवड्यात बाई ड्रेसिंगला यायच्या बंद झाल्या. माझं डोकं फिरलं. रविवारी दुपारी पिशवीत पट्ट्या कोंबून मी थेट त्यांचं घर गाठलं.

पुरुषमाणसं जेवत होती. नवरा दादू, मुलगा कल्पेश आणि करंज्याहून आलेला पाहुणा कमलाकर. दमयंतीबाई लंगडत वाढत होत्या. "बसा सिस्टर, यांचा जेवन होऊ दे," म्हणाल्या.

तव्यावर जिताडा माशाचे सात तुकडे होते. तीन दादूच्या ताटात गेले. दोन पाहुण्याच्या. दोन कल्पेशच्या, आणि वर तो बोलतो कसा, "आये, आज मसाला कमी झाला." शेळी जाते जिवानिशी अन् खाणारा म्हणतो वातड! सगळ्यांचं उरकल्यावर बाई कोपऱ्यात बसल्या. ताटात भाताचा हा डोंगर, त्यावर दोन पळ्या कालवण. कालवणात कांदा होता आणि कोकम होतं.

"तुमचा तुकडा कुठंय?" मी विचारलं.

"झाला संपून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो दादू, ही बाई मरेल! भात कमी, मासळी जास्त, तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

दादू हात धुऊन टॉवेलला पुसत होता. "सिस्टर, तिला तुकडा आवडतच नाय. लगीन झाल्यापासून बघतो मी. तिला आपला कालवनच लागतो."

माणूस खोटं बोलत असता तर परवडलं असतं. तो खरंच तसं समजून चालला होता.

"कधी विचारलंत तिला?"

"त्यात काय विचारायचा?"

मी बाईंकडे वळले. "सांगा ना यांना! आता तरी तोंड उघडा!"

त्या ताटावरून उठल्या. खरकटा हात तसाच. मला वाटलं होतं रडतील. पण असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "काय सांगू? तीस वरसं सांगतेय आवडत नाय. कल्पेश ल्हान होता तवा त्याला पुरं पडावा म्हनून सांगितला, सासू होती तवा तिच्यासाठी सांगितला. आता पावन्यासमोर सांगू, की माझ्या तोंडाला पानी सुटतंय? तुमी पट्टी बांधा नि जा, सिस्टर. तुमी जाल. मला हितं रावाचा हाय."

मी पट्टी बांधली आणि निघाले. वाटेत मी दादूला शिव्या घातल्या, कल्पेशला घातल्या, आणि मग स्वतःला घातल्या. आठ महिने मी या बाईला काय खाता म्हणून दरडावत होते. तुम्ही कधी जेवायला बसता, तुम्हाला कोण वाढतं, हे एकदाही विचारलं नाही. आमच्या घरी तरी वेगळं काय होतं!

पंधरा दिवसांत अंगठा काळा पडला. मोठ्या इस्पितळात नेऊन तो कापावा लागला.

चौथ्या दिवशी मी बघायला गेले. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. तेवढ्यात दादू डबा घेऊन आला. माझ्या नजरेला नजर न देता त्यानं झाकण उघडलं. वाटीभर भात, एक उकडलेलं अंडं आणि दोन तळलेले तुकडे, एका बाजूनं जरा करपलेले.

"मीच तळले," तो म्हणाला.

दमयंतीबाईंनी पहिला तुकडा उचलला, काटा अलगद ओढून काढला आणि खाल्ला. मग दुसरा. घाई नाही. काटे चोखून झाकणात ओळीनं ठेवले.

"मीठ कमी पडला," त्या म्हणाल्या.

"हं," दादू म्हणाला. तो कॉटच्या पायथ्याशी उभाच होता. सकाळपासून त्याच्या पोटात काही गेलं नसावं, तोंडावर दिसत होतं.

तुमी जेवलाव का, असं त्यांनी त्याला विचारलं नाही. अंडं सोलायला घेतलं.