कोरी नळी

रेणूंचा अभ्यास करायचा म्हणून खारबावच्या मृणालीने भिवंडीत बीएस्सी केलं, मग एमएस्सी, मग दोन वर्षं जवळजवळ फुकट राबून हात बसवला. एवढं करून मिळालं काय, तर काल्हेरला एका गोदामाच्या वरची बंद खोली. तिथे माणसांच्या डीएनएची तपासणी चाले, आणि माणूस म्हणावं तर ती एकटीच.

आई, जानकीबाई, फोनवर विचारायची, “तिथं कुनी मानूस हाय का न्हाय गो बोलाला?” मृणाली बेधडक ‘हाय’ म्हणून सांगायची.

प्रत्येक तपासणीत एक कोरी नळी ठेवतात. तिच्यात कुणाचाच नमुना घालायचा नाही आणि शेवटी ती रिकामीच निघाली पाहिजे, नाहीतर बाकीच्या नळ्यांवर कोण विश्वास ठेवणार? मृणालीच्या कोऱ्या नळीत लागोपाठ दोनदा डीएनए निघाला. पुन्हा असं झालं तर नोकरी कायम होणार नाही, असं बाहेरच्या कचेरीत बसणारे तिचे साहेब, धनेश सर, यांनी सांगून टाकलं.

मृणाली चिडली. आणि खरं सांगायचं तर तिला थोडं बरंही वाटलं. म्हणजे आपल्यामागे या खोलीत कुणीतरी येतं! लादी पुसणाऱ्या मैनाबाईवर संशय घेऊन झाला. ती बिचारी उंबरठासुद्धा ओलांडत नव्हती. शेवटी सगळ्या कर्मचाऱ्यांचे डीएनए ठेवलेले असतात, त्यांच्याशी तिने जुळवून पाहिलं. काखेत कळसा नि गावाला वळसा. नळीतला डीएनए तिचा स्वतःचाच होता. दुसरं कुणी आलेलंच नव्हतं.

कारण तिला लगेच कळलं. ते सांगताना ती शरमेने अर्धी झाली.

“सर, मी मास्क खाली करून बोलते. थुंकी उडत असणार.”

“कुणाशी बोलतेस?”

“नळ्यांशी.”

सर हसले नाहीत, तेच तिला जास्त लागलं.

पुढच्या खेपेला तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही. कोरी नळी कोरीच निघाली आणि नोकरी वाचली. ही बातमी सांगायला ती सवयीने नळ्यांकडे वळली, हात मास्ककडे गेला, तो तिने तसाच मागे घेतला. बाहेर येऊन आईला फोन लावला.

“आई, नळी रिकामी आली.”



“असू दे गो,” जानकीबाई मायेने म्हणाली. “पुढल्या खेपंला भरंल.”

मृणाली ‘हो’ म्हणाली.