बेटावरच्या बंद मनोऱ्याचा जळफळाट

मी बेटावरच्या धावपट्टीशेजारचा रेडिओचा मनोरा. बंद पडलेला म्हणा हवं तर, लोक म्हणतातच.

तरुणपणी माझा रुबाब होता. ढगांत वाट शोधणारं विमान माझी हाक ऐकून माझ्या डोक्यावर यायचं आणि तिथून खाली उतरायला लागायचं. नव्या वर्षाला, देवळातल्या पवित्र झाडाला बांधतात तसा, मला भाताच्या पेंढ्याचा दोर बांधायचे. माझी देखभाल करणारा सुगाया पायथ्याचं गवत काढता काढता माझ्याशी गप्पा मारायचा. एक मात्र खरं, धुकं अगदी खाली आलं की माझं काही चालायचं नाही. वैमानिकाला धावपट्टी दिसायची नाही आणि विमान तोक्योला परत जायचं. म्हणून धुक्याच्या दिवसांत आमच्याकडे विमान निघतंच मुळी 'उतरता आलं तर उतरू' या अटीवर.

मग तो आला, उपग्रह. आला कसला, वरच्या वर बसलाय. खारं वारं नाही, गंज नाही. तरी विमानाला डावं-उजवं सांगतो आणि किती उंचावर आहेस तेही सांगतो. मला उंची कधीच सांगता आली नाही. माझा तिळपापड व्हायचा. माझी वीज तोडली तेव्हा सुगाया टोपी काढून एवढंच म्हणाला, "दमलास. आता आराम कर."

गेल्या आठवड्यात दाट धुकं पडलं. आसानुमा आजी कुंपणाशी येऊन उभी राहिली. घरी आजोबा शेवटच्या घटका मोजत होते आणि लेक चिझुरु त्या अटीवरच्या विमानात होती.

"आजी, आत बसा. चहा तरी घ्या," सुगाया म्हणाला.

"चहा कुठे पळून जातोय? म्हातारा जाईल. डोळे उघडले की विचारतो, चिझु आली का? किती थापा मारू मी?"

आणि मी? मी मनात म्हणत होतो, नाहीच उतरणार. जाऊ दे परत. कळू दे सगळ्यांना त्या उपग्रहाची लायकी. इतका जळत होतो की आजीचा चेहरासुद्धा मला दिसला नाही.

विमान पहिल्याच खेपेला धुक्यातून सरळ खाली आलं. चिझुरु धावतच घरी गेली. आजोबांनी तिला ओळखलं. संध्याकाळी ते गेले, तेव्हा ओठांना पाणी लेकीनेच लावलं.

काल आजी माझ्यापाशी आली. पायथ्याशी दोन संत्री ठेवून कमरेत वाकली.

"तू आणलंस रे तिला. माझी आई गेली तेव्हा भावाचं विमान तू परत पाठवलंस, त्याचा राग होता माझ्या मनात. सोडला बघ आता."

"गवत फार वाढलंय," असं काहीतरी पुटपुटत सुगाया विळा आणायला गेला.

इतक्या मनापासून माझे आभार आजवर कुणी मानले नव्हते. आणि तेही खरे त्या उपग्रहाचे होते. मला अजून राग येतो, पण आता कुणाचा ते कळत नाही.

पुढच्या महिन्यात मला कापून बोटीने नेणार आहेत. तोवर आजीला काही बोलू नका, ही संत्री माझ्यापाशी राहू द्या. पुढे कधी ती पुन्हा येईल आणि मी इथे नसेन, तेव्हा तिला सांगा, आजी, वर बघा. तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून ते निघायचं नाही.