नकाशात न आलेली भाषा

मित्रांनो, मी एक जुना एमआरआय स्कॅनर आहे. मला इस्पितळाच्या तळघरात बसवताना भिंत फोडावी लागली होती. तेव्हापासून या गारठलेल्या खोलीतच माझं आयुष्य गेलं.

मी मेंदूचे नकाशे काढतो. माणूस माझ्या बोगद्यात झोपून मनातल्या मनात शब्द जुळवतो. तेव्हा मेंदूच्या ज्या भागात रक्त जास्त धावतं, तो मी दाखवतो. मग शस्त्रक्रिया करताना कुठे हात लावायचा नाही, हे डॉक्टरांना कळतं.

पूर्वी एकेका नकाशाला फार वेळ लागे. माझ्या धडधडाटाने मोठी माणसंही जेरीस येत. मग इथल्या संशोधक मॅडमनी संगणकाला पुष्कळ मेंदूंचे नकाशे शिकवले. आता तपासणी थोडीच करायची, उरलेला नकाशा संगणकातल्या त्या मॉडेलने अंदाजाने भरायचा. अंदाज बरोबर येऊ लागले. पाहुणे मला बघायला येत, मॅडमची पाठ थोपटत.

त्याच सुमारास कोर्टातली एक दुभाषी आली. तिच्या डोक्यात गाठ होती. झोपण्यापूर्वी, मनात जुळवायला दिलेल्या शब्दांची यादी वाचून ती म्हणाली, ‘‘हे शब्द कोर्टातल्या भाषेतले आहेत. आईशी मी घरची भाषा बोलते. ती नाही का तपासणार?’’

मॅडम घुटमळल्या. बाहेर रांग होती.

‘‘बहुतेकांच्या दोन्ही भाषा एकाच जागी असतात. मॉडेल सांभाळून घेईल.’’

गाठ निघाली, जीव वाचला. पुढच्या तपासणीला म्हातारी आईही आली. माझं चुंबक धातू ओढतं, म्हणून मॅडमनी तिच्या हातातलं कडं काढून ठेवलं आणि तिला आत घेतलं. लेकीच्या केसांवरून हात फिरवत आईने विचारलं, ‘‘थंडी वाजते का गं?’’

लेकीला समजलं. पण उत्तर आलं ते कोर्टाच्या भाषेत. घरच्या भाषेतला एकही शब्द तिच्या ओठांवर येईना. त्या भाषेची जागा माझ्या नकाशात आलीच नव्हती, आणि शस्त्रक्रियेत तिलाच हात लागला होता.

‘‘काय म्हणतेय ती?’’ आईने मॅडमना विचारलं.

‘‘नाही म्हणतेय,’’ मॅडम कशाबशा बोलल्या.

आता मॅडम प्रत्येकाला आधी घरची भाषा विचारतात. रांग लांबली आहे, लोक कुरकुरतात. मीही थकलो, लवकरच मला मोडीत काढतील. माझ्या जागी येणारा माझ्याहून चपळ असेल. मित्रांनो, तो खुशाल चपळ असू द्या. पण माणूस स्वतःबद्दल काही सांगत असेल, तर अंदाज बाजूला ठेवा आणि त्याचं ऐकून घ्या.

त्या मायलेकी अजून येतात. बाहेरच्या बाकावर आई लेकीचं एकेक बोट धरून घरच्या भाषेत त्याचं नाव सांगते. लेक ओठ हलवून बघते, आणि मान खाली घालते.