एकच प्रत

धनश्रीच्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन करावं लागणार हे कळलं, तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी बारा दिवसांनंतरचा गुरुवार दिला. एसटीनं दोघं राहुरीला परतली. घरी चहाचं आधण ठेवताना नवऱ्याला म्हणाली, "आहे तशी असताना माझा एक फोटो काढा. फक्त माझ्यासाठी."

गहिनीनाथचा स्टँडजवळ फोटो स्टुडिओ होता. बावीस वर्षांत अर्ध्या तालुक्याची लग्नं त्यानं काढली होती. तो कॅमेऱ्याची बॅग घ्यायला उठला.

"त्याच्यावर न्हाई. मोबाईलवर पण न्हाई."

"प्रिंट काढून लगेच डिलीट करतो."

"डिलीट झालेले फोटो परत काढून द्यायचे तुमी लोकांकडून पैसे घेता."

त्यानं बॅग राहू दिली आणि तो माळ्यावर चढला.

माळ्यावर एक जुना इन्स्टंट कॅमेरा पडून होता. बटण दाबलं की समोरून कागद बाहेर येतो आणि त्यावरच चित्र उमटतं. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. त्याची फिल्म मध्यंतरी बंद झाली होती, मग परदेशात कुणीतरी ती पुन्हा बनवायला घेतली. मुंबईचा दुकानदार फोनवर म्हणाला, "जुन्यासारखी नाही राहिली ती. अठ्ठावीस डिग्रीच्या वर रंग जातात. परत घेणार नाही." आठ फोटोंचं पाकीट, कुरियर धरून एकोणतीसशे रुपये. मे महिना होता आणि दुपारी पारा बेचाळीसला टेकत होता.

पाकीट पाचव्या दिवशी आलं. हाताला गरम लागत होतं. त्यानं ते रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं आणि सकाळी दोन फोटो स्टुडिओच्या पडद्याचेच काढून पाहिले. पहिल्यावर पांढरे पट्टे आले, कारण कॅमेऱ्यातले रूळ मळले होते. ते पुसल्यावर दुसरा आला, पण सगळा नारिंगी.

उरले सहा. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, त्यातल्या त्यात गारव्याला, दोघं स्टुडिओत गेली. त्यानं दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं. धनश्रीनं पदर सोडला, ब्लाऊज काढला आणि पडद्यासमोर उभी राहिली. गाठीचा तुकडा तपासायला घेतला होता, तिथं अजून चिकटपट्टी होती. तिनं ती हळूच सोलून काढली.

पहिला फोटो बाहेर येताच उजेडापासून काळ्या कागदाखाली झाकायला त्याला क्षणभर उशीर झाला आणि प्रकाशानं तो धुवून निघाला. पुढच्यात ती नुसती तांबूस सावली होती. तिसरा त्यानं बर्फाच्या डब्यात उमटायला ठेवला, तर निळा, मेलेला आला. प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं थांबायचं. तोवर ती साडी गुंडाळून स्टुलावर बसायची, मग पुन्हा उठून उभी राहायची.

"हलू नको," तो म्हणाला.

"मी हलले न्हाई."

त्या दिवशी त्यांनी तिथंच थांबवलं.

दुसऱ्या पहाटे दोन कागद एकमेकांना चिकटून बाहेर आले आणि दोन्ही वाया गेले. आता एकच उरला. गहिनीनाथनं घाम पुसला आणि बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात दुकानाच्या शटरवर थाप पडली आणि दचकून त्याचं बोट दाबलं गेलं.

"गहिनीभाऊ, लाईट दिसली म्हणून आलो. पासपोर्ट साईज लागतेत, अर्जंट."

"आठला या," गहिनीनाथ ओरडला. त्याचा आवाज चिरकला होता.

तो फोटो चांगला आला. रंग खरे, त्वचा खरी. पण त्यात धनश्रीनं दोन्ही हातांनी पदर छातीशी आवळला होता आणि ती घाबरून शटरकडे बघत होती.

तिनं तो पुष्कळ वेळ पाहिला. "चोरी करताना धरल्यासारखी दिसते मी," ती म्हणाली.

"दुसरं पाकीट मागवतो. तारीख आठ दिवस पुढं मागू का?"

"फोटोसाठी?"

तिनं कात्री घेतली आणि बिघडलेले फोटो बारीक कापले. आतलं रसायन बोटांना चिकटलं.

"हात धू. कातडी जळते त्यानं."

"जळू द्या," ती म्हणाली. पण उठून हात धुतले. पदर आवळलेला फोटो तिनं कापला नाही. पाकिटात घालून कपाटात ठेवला.

गहिनीनाथनं तिला न सांगता दुसरं पाकीट मागवलं. बुधवारपर्यंत येईल असं दुकानदार म्हणाला होता. बुधवारी सकाळी भरती व्हायचं होतं, म्हणून पहाटे त्यानं कॅमेरा पुसून ठेवला. सकाळी नऊपर्यंत कुरियरची वाट पाहिली आणि मग ती दोघं नगरला गेली.

गुरुवारी दुपारी धनश्रीला आत नेऊन दीड तास झाला होता, तेव्हा कुरियरवाल्याचा फोन आला.

"पार्सल आलंय. दुकान बंद दिसतंय."

"परत पाठवा."

"पैसे भरलेलेत. परत जात न्हाई ते. इथं पायरीवर ठेवू का? ऊन हाय पण."

गहिनीनाथनं समोरच्या बंद दाराकडे पाहिलं.

"ठेवा," तो म्हणाला.

पाचच्या सुमारास नर्सनं हाक मारली. धनश्री गुंगीत होती, ओठ कोरडे पडले होते. छातीवर जाड पांढरी पट्टी होती, एका बाजूला सपाट. तिचे पाय चादरीबाहेर आले होते. त्यानं ते झाकले आणि शेजारी बसून राहिला.